आमची वाटचाल : दोरी ओढली की इंजिन लागलंच पाहिजे

आमच्या वडिलांचं काम ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांचं. मालवण बंदरात कुणाचं इंजिन बसलं की त्यांना बोलावणं यायचं. पुढे देवबाग-तारकर्लीच्या छोट्या फायबर होड्यांवर आऊटबोर्ड मोटारी, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं, आल्या. ८ आणि ९.९ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक इंजिनं. ना बॅटरी, ना सेल्फ, दोरी ओढूनच लावायची. दोरी तुटली की चांगलं इंजिनही होडीवरचं नुसतं ओझं. आमचं वर्कशॉप सुरू झालं ते या दोरीच्या कामावर, आणि आजही स्टार्टर, म्हणजे ही दोरी गुंडाळलेला भाग, मी स्वतः उघडतो.

दोरी ओढली की पुली फिरते, तिच्यावरचा कुत्रा (अडकवणारा छोटा खटका) बाहेर येऊन फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनावरच्या जड चाकाच्या, कपात अडकतो, इंजिन फिरतं. इंजिन लागलं की कुत्रा सुटतो आणि आतली पट्टीची स्प्रिंग दोरी गुंडाळून घेते. खाऱ्या हवेत ग्रीस मीठ धरतं, कुत्रा चिकटून बसतो आणि दोरी नुसती मोकळी येते. गिऱ्हाईक आधीच धास्तावून येतं, की आता अख्खा स्टार्टर बदलायला लागणार. जुन्या मॉडेलचा स्टार्टर सहज मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. म्हणून वडिलांनी घालून दिलेली पद्धत आम्ही मोडलेली नाही : गिऱ्हाइकासमोर खोलायचं आणि झिजलंय तेवढंच बदलायचं. पुष्कळदा कुत्रा धुऊन, त्याची बारीक स्प्रिंग बदलून काम भागतं.

"इंजिन बसला, दोरी हलना नाय," असं सांगत कुणी आलं की आम्ही आधी न्यूट्रलची केबल बघतो. गिअरमध्ये असताना इंजिन लागू नये म्हणून ही केबल स्टार्टर अडवून धरते. ती गंजली किंवा तिचं सेटिंग हललं, तर न्यूट्रलमध्येही दोरी अडते. केबल ठीक असेल तर स्टार्टर उतरवून फ्लायव्हील हाताने फिरवून पाहतो. तेही फिरलं नाही तरच इंजिनाच्या पोटात हात घालायचा. या क्रमाने गेल्यामुळे कितीतरी जणांचा विनाकारण होणारा खर्च वाचला, याचं मला खरंच समाधान आहे.

स्प्रिंगच्या कामात मात्र घाई चालत नाही. गुंडाळलेली पट्टी सुटली तर चेहऱ्यावर येते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय आमच्याकडची पोरं पुली उचलत नाहीत. नवी दोरी भरताना तिचं टोक ज्योतीवर वितळवून गाठ घट्ट करतो, मग स्प्रिंगला ताण देतो. दोरी पूर्ण ओढल्यावरही पुली आणखी थोडी फिरायला हवी. तेवढी सूट नसेल तर प्रत्येक ओढीला स्प्रिंगवर शेवटपर्यंत ताण येतो आणि ती तुटते. ही तपासणी झाल्याशिवाय इंजिन आमच्या दारातून बाहेर जात नाही.

पर्यटन वाढलं, तशी सेल्फची मोठी फोर-स्ट्रोक इंजिनं आली. ती कामंही आम्ही घेतो. सुटे भाग, दोरीचा साठा आणि हिशेब बायको सांभाळते. कुठल्या मॉडेलला कुठली स्प्रिंग लागते, हे तिला माझ्यापेक्षा लवकर आठवतं. पण जाळी टाकणाऱ्यांची जुनी इंजिनं अजून दोरीवरच आहेत. त्यांना आम्ही स्टार्टर उतरवून फ्लायव्हीलच्या खाचेत गाठीची दोरी अडकवून इंजिन कसं लावायचं, ते किनाऱ्यावरच करून दाखवतो. गिअर न्यूट्रलमध्ये हवा आणि अंगावर लोंबणारं कापड नको, कारण चाक उघडं फिरत असतं. सुटी दोरी, स्टार्टरच्या बोल्टांचा पाना आणि प्लगचा पाना होडीत असलाच पाहिजे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आमचं वर्कशॉप भरतं. जुलैअखेर सगळेच एकदम येतात. इंजिन जूनमध्येच आणून टाकलंत तर स्टार्टर निवांत खोलता येतो, आणि एखादा भाग बाहेरून मागवायचा झाला तर त्यालाही वेळ मिळतो.