एसएसडी लॅपटॉपला दिसते, रेकॉर्डरला दिसत नाही

"नो मीडिया", म्हणजे ड्राइव्हच सापडत नाही. गाण्याचे कार्यक्रम टिपणाऱ्या माझ्या मल्टिट्रॅक रेकॉर्डरला बाहेरची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) लावली की पडद्यावर हे दोन शब्द येत. ते मी तीन आठवडे बघितले, आणि त्यातले अडीच आठवडे सर्व्हिस सेंटरच्या भरवशावर वाया गेले. त्यांचं एकच पालुपद होतं, "यूएसबी पोर्ट गेलाय, बोर्ड बदलावा लागेल, मशीन पाठवून द्या." पोर्ट ठणठणीत होता, बोर्डही. फोनवर दोन प्रश्न विचारले असते तरी उलगडा झाला असता. सांगली-मिरजेत कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या दुसऱ्या कुणाचे दिवस असे जाऊ नयेत, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

बाहेरचा ड्राइव्ह लागतोच का, तर हिशेबामुळे. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ या दर्जाला एक ट्रॅक (म्हणजे एका माइकचं रेकॉर्डिंग) तासाला साधारण 518 एमबी खातो. गायन, दोन तानपुरे, तबला, डग्गा, पेटी आणि श्रोत्यांकडचे दोन माइक असे आठ ट्रॅक धरले की तासाला 4.15 जीबी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात होते तशी रात्रभराची सभा आठ तास चालली, तर 33 जीबी. 32 जीबीचं कार्ड पावणेआठ तासांत, म्हणजे नेमकं भैरवीच्या तोंडावर भरतं.

आता मुख्य अडचण. ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती, म्हणजे फॉरमॅट, वेगवेगळे असतात. नवी एसएसडी बहुधा एक्सफॅटमध्ये येते आणि माझा रेकॉर्डर फक्त फॅट32 वाचतो. हे माहीत होतं, म्हणून लॅपटॉपवर फॅट32 करून घेतलं. तरी "नो मीडिया". कारण फॉरमॅटच्याही खाली एक थर असतो, पार्टिशन टेबल, म्हणजे ड्राइव्हचे भाग कुठे आहेत याची यादी. ते जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं होतं. असे रेकॉर्डर ड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरमधली जुन्या पद्धतीची, म्हणजे एमबीआरची यादी वाचतात. जीपीटी ड्राइव्हवर त्या जागी नुसती एक राखणीची नोंद असते. मशीनला तिथे आपल्या कामाचं काहीच सापडत नाही. लॅपटॉपला दोन्ही पद्धती कळतात, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं.

तपासायला विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा, त्या डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. 'पार्टिशन स्टाइल'समोर जीयूआयडी लिहिलं असेल तर दुखणं हेच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट (विंडोजमधलंच डिस्कचे भाग पाडायचं टूल) सुरू करा. लिस्ट डिस्क, मग आकार बघून सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, मग क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर, क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइज=120000. क्लीनआधी नंबर दोनदा वाचा. चुकीचा नंबर गेला तर दुसऱ्याच डिस्कवरचं सगळं जातं. हा आकडा एमबीत असतो, 120000 म्हणजे सुमारे 125 जीबी, तीन रात्री आरामात मावतात. पूर्ण 1 टीबी देऊ नका, मोकळी जागा मोजण्यात मशीन सुरू व्हायला फार वेळ लावतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर फॅट32 चा पर्याय येत नाही, त्यासाठी वेगळं फॅट32 टूल घ्या आणि अ‍ॅलोकेशन युनिट 32 केबी ठेवा. शेवटचा फॉरमॅट मात्र रेकॉर्डरच्याच मेनूतून करा. मी हे केलं आणि चौथ्या सेकंदाला ड्राइव्हचं नाव पडद्यावर आलं. अडीच आठवड्यांचं काम वीस मिनिटांत झालं!

एसएसडीऐवजी फिरती हार्डडिस्क लावणार असाल तर कान द्या. टक्... टक्... असा आवाज येऊन दिवा विझत असेल तर तिला करंट पुरत नाही. यूएसबी 2 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो आणि अडीच इंची डिस्क फिरायला सुरू होताना जवळपास दुप्पट मागते. दोन तोंडांची वाय केबल घ्या, दुसरं तोंड 5 व्होल्ट 2 अँपिअरच्या चांगल्या चार्जरला. चार्जर आणि रेकॉर्डर एकाच यूपीएसवर हवेत, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये हम, म्हणजे सतत घूं असा आवाज येतो. आणि सबवूफरजवळ फिरती डिस्क ठेवूच नका, हादऱ्याने लिहिणं अडखळतं.

स्वस्त पेनड्राइव्हही नको. आठ ट्रॅकला सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा लागत नाही, पण तो मध्येच दम खातो आणि तेवढ्यात रेकॉर्डिंग थांबतं.

फॅट32 वर एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. आठही ट्रॅक एकाच फाइलमध्ये जात असतील तर दर 62 मिनिटांनी नवी फाइल सुरू होते. एडिटिंगला तुकडे टोकाला टोक लावून जोडा, क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा चढवणं) देऊ नका. घरच्या चाचणीतही ही 62 मिनिटांची हद्द ओलांडा. पाच मिनिटांच्या चाचणीने काही सिद्ध होत नाही.

वीज गेली आणि फाइलचा आकार एमबीत दिसत असूनही वाजवताना तिची लांबी शून्य मिनिटं दिसली तर ड्राइव्हवर आणखी काही लिहू नका. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये रॉ डेटा इम्पोर्ट करा: साइन्ड 24 बिट, लिटल एंडियन, 8 चॅनेल, 48000. नुसता खरखराट आला तर स्टार्ट ऑफसेट (फाइल कितव्या बाइटपासून वाचायची तो आकडा) एक-एक बाइटने वाढवत बघा.

आणि केबल एक फुटाची घ्या, ड्राइव्हच्या बाजूला चिकटपट्टीने बांधा. ड्राइव्हकडचं मायक्रो-बी हे चपटं तोंड ढिलं पडतं, अंधारात नुसता पाय लागला तरी निसटतं.