तारीख नसलेली पत्रकं

खोक्यावर एकच चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘पँथर वगैरे’.

अमेरिकेतल्या ओकलंड शहरातल्या एका शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या बाई वारल्या आणि त्यांच्या मुलांनी माळ्यावरचे कागद आमच्या छोट्या अर्काइव्हला दिले. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी तिथे सहा महिने काम करत होते. आमच्या प्रमुख बाईंनी खोका माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक कागदाची नोंद करायची आणि तारीख लावायची, एवढंच काम आहे म्हणाल्या. या ‘एवढंच’ला साडेतीन महिने लागले.

माझ्या घरात ‘पँथर’ हा शब्द लहानपणापासून आहे, पण तो वरळीचा, दलित पँथरचा. मोठे काका त्यात होते. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले वगैरे तरुणांनी संघटना काढली, तेव्हा नाव अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलं, हे मला पाठ होतं. त्या मूळ पँथरांचा कागद हातात येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

पहिला आठवडा नुसता उघडण्यात गेला. कागद ज्या क्रमाने आले तो क्रम मोडायचा नाही, हा पहिला नियम. बाईंनी कशाशेजारी काय ठेवलं होतं, हीही माहितीच असते. गंजलेल्या पिना पातळ पट्टीने हळूच उचलायच्या. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं, आणि पन्नास वर्षांनी घडी उघडली की घडीवरच तुकडा पडतो. एक पान माझ्या हातात असं तुटलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्यानंतर प्रत्येक पान खाली पुठ्ठा सरकवूनच उचललं.

पँथरांच्या मुखपत्राच्या अंकांना तारीख लावायचा प्रश्नच नव्हता, ती छापलेली असते. ‘द ब्लॅक पँथर’चा पहिला अंक २५ एप्रिल १९६७चा. सायक्लोस्टाईल केलेली चार पानं, आणि विषय रिचमंडमध्ये पोलिसांच्या गोळीने मेलेला डेन्झिल डाउवेल नावाचा तरुण. तो अंक आमच्या खोक्यात नव्हता. होते ते नंतरचे, पंचवीस सेंटचे. त्यांच्या शेवटच्या पानावर बहुतेक वेळा एमरी डग्लस यांचं चित्र असे. जाड काळी रेघ, सोबत एकच रंग, लाकडी ठशाने छापल्यासारखं दिसणारं. डग्लस सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात जाहिरातकला शिकले होते. कमी पैशात, दोन रंगांत, लांबून वाचता येईल असं पान कसं काढायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आमच्याकडच्या अकरा शेवटच्या पानांना चारही कोपऱ्यांवर टाचण्यांची भोकं होती. अंक वाचून झाला की ते पान कुणाच्या तरी भिंतीवर गेलं होतं. नोंदीत ‘कोपरे खराब’ असं लिहायची पद्धत आहे. मी ‘चारही कोपऱ्यांवर टाचण्यांची भोकं, भिंतीवर लावल्याची खूण’ असं लिहिलं. प्रमुख बाईंनी ते तसंच ठेवलं.

खरी कसोटी पत्रकांची. पत्रक लिहिणाऱ्याला ‘उद्या संध्याकाळी’ पुरेसं असतं, वर्ष लिहायचं त्याच्या मनातही येत नाही. एका पत्रकावर ‘फ्री ह्यूई’, म्हणजे ‘ह्यूईला सोडा’, असं दिसलं आणि मी सरळ १९६८ लिहून मोकळी झाले. ब्लॅक पँथरच्या दोन संस्थापकांपैकी एक, ह्यूई न्यूटन, यांना अटक झाली २८ ऑक्टोबर १९६७ला आणि ते सुटले ५ ऑगस्ट १९७०ला. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा पट्टा, आणि मी त्यातलं एक वर्ष अंदाजाने उचललं होतं. प्रमुख बाईंनी खाली पेन्सिलने दोनच शब्द लिहिले : ‘कशावरून?’

मग मी पत्रकं शब्द-शब्द वाचायला लागले. त्याच पत्रकात खाली मुलांच्या मोफत नाश्त्याचा उल्लेख होता. नाश्ता सुरू झाला जानेवारी १९६९मध्ये, ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये. म्हणजे १९६८ गेलं. त्याखाली न्यूयॉर्कच्या एकवीस पँथरांना सोडा अशी मागणी. त्यांच्यावरचे आरोप एप्रिल १९६९चे. म्हणजे पत्रक एप्रिल १९६९ ते ऑगस्ट १९७० यामधलं. असा पट्टा प्रत्येक बाजूने आवळत न्यायचा.

हळूहळू खुणा जमत गेल्या आणि मी त्यांची एक वहीच केली. पत्ता बघायचा. बर्कलीतलं शॅटक अव्हेन्यू आधीचं, ओकलंडचं पेराल्टा स्ट्रीट नंतरचं. न्यूटन यांच्या नावापुढचं पद बघायचं. आधी ‘संरक्षणमंत्री’, सुटकेनंतर ‘सर्वोच्च सेनापती’, आणि १९७१पासून ‘जनतेचा सेवक’. पदांचा हा प्रवास मी टेबलावर तीन पत्रकं शेजारी ठेवून पाहिला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. पुढाऱ्याने तोफेकडून धान्याच्या पिशवीकडे यावं, आणि ते शाईत दिसावं! धान्याच्या पिशव्या खऱ्याच होत्या. मार्च १९७२च्या मेळाव्याच्या पत्रकात दहा हजार पिशव्या मोफत देण्याचं जाहीर केलं आहे, सोबत सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. त्या पत्रकाच्या पाठीवर शाळेतल्या बाईंच्या अक्षरात हिशोब होता : दूध, अंडी, बसभाडं. मी पाठही स्कॅन केली.

एक कागद मात्र आजही मनातून जात नाही. एक व्यंगचित्र, सही नाही, पत्ता नाही, पँथरांचीच टर उडवणारं. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने १९६९मध्ये सॅन डिएगोत पँथर आणि ‘यूएस’ या दुसऱ्या काळ्या संघटनेत भांडण लावायला अशी खोटी चित्रं काढून वाटली होती. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने १९७६च्या अहवालात ते सगळं मांडलं. छापखान्यात घाणेरड्या वासाचं रसायन फवारण्याचा एका कार्यालयाचा प्रस्तावही त्याच अहवालात आहे. मग आमच्या चित्राचं काय? कदाचित कुणा चिडलेल्या माणसाने काढलं असेल, कदाचित सरकारी टेबलावर तयार झालं असेल. कागद, शाई, घडी, सगळं पाहिलं. ‘कर्ता’ या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहिलं आणि टिपेत खोट्या चित्रांची हकीकत जोडली. जी माणसं अशा चित्रांवरून एकमेकांच्या जिवावर उठली, त्यांच्याबद्दल अंदाजाने काही लिहिणं मला पाप वाटलं.

शेवटी उरल्या दहा कलमी कार्यक्रमाच्या सात प्रती. ऑक्टोबर १९६६मध्ये न्यूटन आणि दुसरे संस्थापक बॉबी सील यांनी लिहिलेला हा कार्यक्रम सतत छापला जात राहिला, म्हणून तारखेला सगळ्यात अवघड. वरवर सातही सारख्या. मी त्या ओळीओळीने जुळवल्या. जुन्या प्रतींत तिसऱ्या कलमात ‘गोऱ्या माणसाने’ केलेली लूट आहे, पुढच्यांत तिथे ‘भांडवलदार’ आला. आणि मार्च १९७२ला दुरुस्त झालेल्या मसुद्यात ‘काळ्या’च्या जोडीला ‘आणि पिचलेल्या’ समाजाचा उल्लेख येतो, मोफत आरोग्यसेवेचं नवं कलम येतं. सातातल्या दोन प्रती त्या होत्या.

ते वाचताना मला काकांकडचा जाहीरनामा आठवला. दलित पँथरच्या १९७३च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरशी नातं सांगितलं आहे, आणि ‘दलित’ कोण याचं उत्तर जातीपाशी थांबत नाही. अनुसूचित जातीजमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया. वर्षा-दीडवर्षाच्या अंतराने ओकलंड आणि मुंबईत दोन संघटना आपापला शब्द रुंद करत होत्या. एकीने दुसरीचं पाहून केलं असं मला म्हणायचं नाही, त्याला पुरावा हवा. पण टेबलावरचा तो कागद मला आता परका राहिला नव्हता.

घरी बाबांच्या पुस्तकात एक पत्रक जपलेलं आहे, वहीच्या पानाएवढं, लाल शाईचं. ‘येत्या रविवारी सायंकाळी ६ वाजता’ एवढंच त्यावर आहे. बाकीची सगळी पत्रकं आजीने जानेवारी १९७४मध्ये, वरळीच्या दंगलीनंतर, पोलीस झडतीला येतील या भीतीने शेगडीत घातली. हे एक पुस्तकात राहिलं म्हणून वाचलं. बहिणीकडून त्याचा फोटो मागवला. ‘दलित, कामगार, भूमिहीन, स्त्रिया’ असे शब्द होते. म्हणजे जाहीरनाम्याच्या आसपासचं, आणि आजीच्या शेगडीच्या आधीचं.

काकांना फोन केला.

“जय भीम काका. लाल शाईचं पत्रक आठवतं का? रविवारची सभा?”

“जय भीम. आठवतं की. सभा झालीच नाही गं पोरी. असा पाऊस कोसळत होता की मैदानात गुडघाभर पाणी. पण पत्रकं आम्ही शनिवारीच सगळी वाटली होती, दारोदार.”

“कुठल्या साली?”

“साल कोण बघतंय?”

मी वही उघडली, नवं पान घेतलं आणि पेन्सिलने कंसात लिहिलं : [१९७३, पावसाळा?]