धूर, दार आणि ट्रे

इमारतींमध्ये हवा खेळती ठेवणं हा माझा धंदा. एका रेस्टॉरंटच्या मालकांना बंद दाराची स्मोकिंग रूम हवी होती. आतला दाब बाहेरपेक्षा कमी ठेवला की धूर बाहेर येत नाही, हे ते वाचूनच बसले होते. तत्त्व बरोबर आहे, दार बंद असेपर्यंत.

त्यांच्या तात्पुरत्या खोलीबाहेर मी सूक्ष्म कण मोजणारा मीटर ठेवला. आकडा स्थिर. तेवढ्यात एक वेटर ट्रे सांभाळत, पाठीने दार ढकलत बाहेर आला आणि आकडा भराभर चढला. दार उघडलं की दाबातला फरक संपतो. शिवाय चालत्या माणसामागे हवा ओढली जाते ती वेगळीच.

"मोठा फॅन बसवा," मालक म्हणाले.

बसवला असता, बिलही मोठं झालं असतं. पण दार उघडायचं ते उघडणारच. फिल्टर जोडला तरी कणांचा फिल्टर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडवत नाही. ज्यांच्या मापदंडांवर आमचा व्यवसाय चालतो त्या अमेरिकेतल्या ॲशरे संस्थेनेच २००५ मध्ये सांगून टाकलं, की बंदिस्त जागेत धुराचा धोका खरोखर घालवायचा तर धूम्रपानबंदी हाच उपाय.

"जागा माझी, दारावर पाटी माझी. धूर नको त्याने येऊ नये. सरकार मधे कशाला?"

बंदीविरोधकांचा हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. गिऱ्हाईक खुशीने येतं, कबूल. मी ट्रेवाल्याकडे बोट दाखवलं. आयर्लंडने २००४ मध्ये पबसकट कामाच्या बंदिस्त जागी बंदी घातली, ती त्याच्यासारख्यांसाठीच.

"तोही खुशीनेच नोकरी करतो."

"मग आगीच्या वेळचा दरवाजाही त्याच्या खुशीवर सोडू या?"

"बरं, वेटर आत जाणार नाही."

"ॲशट्रे कोण रिकामे करणार?"

यावर ते हसले आणि विचारलं, "मग मोकळ्या मैदानात तरी बंदी का?" इथे मात्र मी त्यांच्या बाजूचा. उघड्यावर धूर लवकर विरतो. तिथल्या बंदीमागचा पुरावा बंद खोलीइतका भक्कम नाही. आरोग्य खात्यातले मित्र यावरून माझ्याशी भांडतात, भांडोत.

शेवटी मागच्या अंगणात नुसतं छप्पर टाकायचं ठरलं. मालकांनी दाखवलेल्या जागेच्या बरोबर वर आमच्या यंत्रणेचं ताजी हवा आत घेणारं तोंड होतं. छप्पर हलवायचं की डक्ट, आणि खर्च कोणाचा, यावर मग संध्याकाळपर्यंत वाद चालला.