तळ्याकाठी धुरावलेला मासा: छोटा स्मोकर घेऊन केलेला कॅम्प

बर्नर पेटवल्यापासून मासा ताटात येईपर्यंत अर्धा तासही लागला नाही. पण त्याआधी दोन-अडीच तास तो मासा मिठाच्या पाण्यात आणि वाऱ्यावर होता, आणि चव ठरली ती तिथे. छोटा स्मोकर, म्हणजे मासा धुरावायची पेटी, घेऊन कॅम्पला निघणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं आहे: धुराची चिंता करू नका, मीठ आणि सुकवणं याकडे लक्ष द्या. धूर आपलं काम आपण करतो.

आम्ही नेलेली पेटी अगदी साधी होती. स्टेनलेस स्टीलचा चपटा डबा, त्यावर सरकतं झाकण, आत तेल-रस झेलणारं एक ताट, त्याच्या वर जाळी, आणि डब्याखाली ठेवायला स्पिरिटचे दोन छोटे बर्नर. डब्याच्या तळावर लाकडाचा भुसा पसरायचा, त्यावर ताट, ताटावर जाळी, जाळीवर मासे, आणि झाकण लावायचं. खालच्या आंचेने भुसा धुमसतो आणि त्याच आंचेने मासा शिजतो. सगळं एकात एक बसतं, सॅकमध्ये फार जागा खात नाही. विजेवर किंवा लाकडी गोळ्यांवर चालणारे मोठे स्मोकर गाडी तंबूपर्यंत जात असेल तर ठीक, पण पायी जायचं असेल तर ही पेटीच बरी.

एक गोष्ट आधीच मनात पक्की असू द्या. या पेटीत होतं ते गरम धुरावणं, म्हणजे मासा धुरात शिजतो. पातळ, रेशमी काप देणारं थंड धुरावणं ३० अंश सेल्सियसच्या खाली, तासन् तास, कधी दिवसभर चालतं. त्यात मासा शिजतच नाही, त्यामुळे स्वच्छता, मिठाचं प्रमाण आणि थंडावा यांवर फार कडक ताबा लागतो. तंबूबाहेर, उघड्या हवेत तो खेळ नको.

आता मीठ. तळ्यावर तराजू नसतो आणि चमच्याने मोजलेलं मीठ फसवतं, कारण एक चमचा जाडं मीठ आणि एक चमचा बारीक मीठ यांच्या वजनात बराच फरक असतो. म्हणून मी घरीच १५० ग्रॅम मीठ आणि दोन मोठे चमचे साखर अशा पुड्या बांधून घेतल्या होत्या. एक पुडी एक लिटर पिण्याच्या पाण्यात. ट्राउट (थंड, गोड्या पाण्यातला मासा) पोट साफ करून, कल्ले काढून, कण्याला चिकटलेली रक्ताची काळी रेघ नखाने खरवडून स्वच्छ धुतले. ही रेघ राहिली तर कडवटपणा येतो, तेव्हा तिथे घाई करू नका. मग मासे आणि मिठाचं पाणी जाड, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत भरून पिशवी आइसबॉक्समध्ये ठेवली. साधारण ३०० ग्रॅमच्या अख्ख्या माशाला तासभर पुरतो. तुकड्या पातळ असतील तर पाणी करूच नका. दोन्ही बाजूंना सढळ हाताने मीठ भुरभुरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि धुऊन टाका. मिठाचं हे पाणी एकदाच वापरायचं, पुढच्या माशांसाठी नवी पुडी फोडायची.

मिठातून काढलेला मासा गोड्या पाण्यात चटकन खळबळून घेतला आणि कागदी रुमालाने आतून-बाहेरून टिपला. त्यानंतरचं काम म्हणजे सुकवणं, आणि बहुतेक जण नेमका तेवढाच भाग गाळतात. मिठामुळे माशातली काही प्रथिनं पृष्ठभागावर येतात आणि हवेवर वाळली की त्यांचा एक पातळ, चकचकीत पापुद्रा धरतो. धुराचा रंग आणि वास या पापुद्र्यावर बसतो. मासा ओला असेल तर धूर पाण्यात विरघळून ओघळतो, रंग डागाळतो, चव तुरट लागते. शिवाय ओला मासा एकदम तापला की त्यातून प्रथिनांचा पांढरा साका बाहेर येऊन गोठतो.

आम्ही जाळी दोन फांद्यांच्या मध्ये सावलीत टांगली, माशांच्या पोटात काडीचे छोटे तुकडे आडवे बसवले म्हणजे आतूनही वारा लागेल, आणि वरून मच्छरदाणीचं कापड सोडलं. दुपार कलत आलेली, तळ्यावरून गार वारा येत होता. सुरुवातीला कातडीवर बोट लावलं तर ओलं सरकत होतं. अर्ध्या तासाने बोट अडायला लागलं. तासाभराने हात लावला तर डिंक वाळत आल्यावर लागतो तसा चिकटपणा होता, पण बोटाला काही लागत नव्हतं. पोटाच्या कडा किंचित आत वळल्या होत्या आणि कातडीला मंद तकाकी आली होती. हीच खूण. घड्याळ बघू नका, बोट लावून बघा.

मात्र हवा गार असेल तरच हे असं उघड्यावर करायचं. कच्चा मासा ४ अंशांच्या वर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. उकाडा असेल तर मासा जाळीवर ठेवून आइसबॉक्समध्येच सुकू द्या. तिथे वेळ जास्त लागतो, म्हणून सकाळीच कामाला लागा. मासा बर्फाला टेकू देऊ नका आणि वितळलेलं पाणी काढत राहा.

भुशाबद्दल लोक फार वाद घालतात. माझं मत सरळ आहे: पहिल्यांदा एकच लाकूड घ्या आणि कमी घ्या. माशाला आल्डर, बीच, सफरचंद, चेरी यांचा सौम्य धूर शोभतो. ओकचा धूर दणकट, हिकरीचा त्याहून. पाइन, देवदार असली राळेची लाकडं नकोत, धूर काजळीचा आणि कडू होतो. रंगवलेलं, औषध मारलेलं लाकूड, प्लायवूड, पार्टिकल बोर्ड यांचा भुसा चुकूनही नको, त्याचा धूर विषारी असतो. कॅम्पच्या आसपास पडलेली, ओळख नसलेली फांदीही वापरू नका. कण्हेरीसारखी झाडं मुळातच विषारी असतात. भुसा घरून कोरडा, डबीत बंद करून न्या. भिजवायचा नाही. भिजवलेल्या भुशाची आधी वाफ होते, धूर नंतर, आणि तोवर बर्नरमधलं अर्धं स्पिरिट संपलेलं असतं. आमच्या पेटीला दीड मोठा चमचा भुसा पुरला. एवढासा वाटतो, पण बंद डब्यात तेवढा धूर भरपूर होतो. चार चमचे घातले तर मासा राखेसारखा लागतो.

तळावर आधी ॲल्युमिनियम फॉइल घातली, तिच्यावर भुसा. जाळीला तेलाचा हात फिरवला. मासे एकमेकांना टेकणार नाहीत असे मांडले, तुकड्या असतील तर कातडी खाली. तेल झेलणारं ताट विसरू नका. चरबी थेट तापलेल्या भुशावर पडली तर ती जळते आणि त्या जळक्या धुरातले नको ते पदार्थ माशावर बसतात.

स्पिरिटबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे इजा होते. मेथिलेटेड स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. बर्नर विझला असं वाटून त्यात पुन्हा स्पिरिट ओतलं की बाटलीच पेट घेऊ शकते. म्हणून बर्नर एकदाच भरायचा, बाटली बंद करून लांब ठेवायची, मग पेटवायचा. विझल्यावर तो हाताला पूर्ण गार लागेपर्यंत पुन्हा भरायचा नाही. विझवायला टोपण किंवा झाकणी जवळ हवी. पेटी तंबूत किंवा तंबूच्या ओसरीत कधीही पेटवू नका, पाऊस आला तरी. धुमसणाऱ्या भुशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. विमानाने जाणार असाल तर स्पिरिट सामानात चालत नाही, तिकडे पोचल्यावर घ्या. आणि कोरड्या दिवसांत अनेक ठिकाणी उघड्या आगीवर बंदी असते. स्पिरिटचा बर्नर त्या बंदीत येतो की नाही हे निघण्याआधी विचारून घ्या.

आम्ही पेटी सपाट दगडावर, गवतापासून दूर ठेवली. वारा अडवायला तीन बाजूंनी दगड रचले, पण खाली हवा जायला फट ठेवली. वाऱ्यावर ज्योत एका बाजूला झुकते आणि मग एक मासा करपतो, दुसरा कच्चा राहतो.

तीन-चार मिनिटांत झाकणाच्या फटीतून धूर आला. आधी दाट पांढरा, मग पातळ, निळसर. या निळसर धुरात चांगली चव असते. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायकॉल, सिरिंगॉल असे फिनॉल गटातले वासाचे पदार्थ तयार होतात आणि धुरावलेल्या माशाचा जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः त्यांचा. सोनेरी रंग येतो तो धुरातल्या कार्बोनिल संयुगांची माशातल्या प्रथिनांशी गाठ पडून. झाकण उघडून डोकावण्याचा मोह होतो, पण उघडलं की आंच आणि धूर दोन्ही जातात. वीस मिनिटांपर्यंत हात लावू नका.

वीस मिनिटांनी उघडलं तेव्हा कातडी जुन्या पितळेच्या रंगाची झाली होती. पाठीच्या सगळ्यात जाड भागात, कण्याला न लागता, बारीक टोकाचा थर्मामीटर खुपसला: एका माशात ६६ अंश, दुसऱ्यात ५९. हवेत किमान ६३. दुसरा मासा मधे सरकवून आणखी चार मिनिटं दिली. हा थर्मामीटर ही माझ्या लेखी पेटीइतकीच गरजेची वस्तू आहे. धुराने रंग लवकर येतो, त्यामुळे वरून झालेला दिसणारा मासा आत कच्चा असू शकतो. नदी-समुद्रातल्या माशांत कृमी असू शकतात, ते नीट शिजवल्यावर मरतात, नुसत्या धुराने नाही.

पाच मिनिटं तसाच ठेवून मग कातडी ओढली तर ती पूर्ण, एका तुकड्यात निघाली. आतलं मांस फिकट गुलाबी, ओलसर, पाकळ्या-पाकळ्यांनी सुटणारं.

दुसऱ्या पाळीला घरून बर्फात नेलेले बांगडे लावले. चरबीचा मासा धूर जास्त धरतो, त्यामुळे माझ्या जिभेला बांगडा ट्राउटपेक्षा सरस वाटला. सोबतच्यांचं मत उलट पडलं. पण बांगडा, ट्यूना अशा माशांना एक कडक अट आहे. ते गरम राहिले की जिवाणू त्यांत हिस्टामाइन तयार करतात, आणि ते एकदा झालं की शिजवून, धुरावून, गोठवून कशानेही जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं ही त्याची लक्षणं. म्हणून पकडल्या क्षणापासून पेटीत जाईपर्यंत मासा बर्फात हवा. बर्फाची खात्री नसेल तर हे मासे नेऊच नका. कमी चरबीचे पांढरे मासे पेटीत पटकन कोरडे पडतात, त्यांना तेल चोळा आणि वेळ थोडा कमी करा, थर्मामीटर बघत.

धुरावलं म्हणजे टिकलं, असा एक समज आहे. कॅम्पवरच्या वीस मिनिटांच्या धुराने आणि तासभराच्या मिठाने मासा टिकत नाही. त्याला फक्त चव येते. दोन तासांत खाऊन टाका. उरलाच तर लगेच बर्फात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपवा. हवा काढलेल्या बंद पाकिटात भरून ठेवू नका: माशांत सापडणारा क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचा एक प्रकार हवेशिवाय आणि सव्वातीन अंशांइतक्या थंडीतही वाढू शकतो, आणि त्याच्या विषाला वास असेलच असं नाही. आइसबॉक्स तेवढा थंड राहील याचा भरवसा नसतो.

वासाचंही बघा. धुरावलेल्या माशाचा वास लांब जातो आणि जनावरं येतात. अस्वलांच्या मुलुखात पेटी, उरलेलं अन्न, हात पुसलेले रुमाल, स्वयंपाक करताना घातलेले कपडे सगळं तंबूपासून १०० मीटरवर, तंबूकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. माशाची आतडी कुठे टाकायची याचे नियम जागेगणिक बदलतात, ठरलेलं नसेल तर पिशवीत बांधून परत आणा.

पेटी गार झाल्यावर फॉइल गुंडाळून उचलली की निम्मी सफाई होते. पण आधी राखेवर पाणी ओता, भुसा आत तासभरही धुमसत राहतो. जाळी आणि ताट गरम पाण्याने, पाण्याच्या काठापासून ६० मीटर तरी लांब धुवा, साबण तळ्यात जाऊ देऊ नका. डब्याच्या आतला तपकिरी थर घासून चकचकीत करायची गरज नाही, चिकट तेल तेवढं निघालं पाहिजे. पूर्ण कोरडी करून, जुन्या कापडी पिशवीत घालून मगच सॅकमध्ये ठेवा, नाहीतर झोपायच्या पिशवीला तो वास पुढे कित्येक दिवस राहतो.