आजोबांची तीनशे पंधरा आणि माझ्या सात

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर कोयता, विळा, कुऱ्हाड आणि सगळ्यांच्या मधोमध आजोबांची तीनशे पंधरा रायफल, नळीवर झेंडूची माळ. चंद्रपूरकडचं गाव, मी सात-आठ वर्षांचा असेन. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली होती, रायफलीला काम काहीच नव्हतं, तरी आजोबा दर रविवारी तिचं तेलपाणी करायचे आणि रिकामी आहे हे दोनदा बघून माझ्या हातात द्यायचे, "चापाला बोट लावायचं नाही, नुसतं बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा खटका, मागेपुढे कर." तो खटॅक आवाज. तिथंच बिघडलो मी.

ही .३१५ (नळीच्या भोकाचं इंचातलं माप) भानगड आली कुठून, तर इंग्रजांच्या फौजेकडे .३०३, मग फौजेची गोळी लोकांच्या हातात नको म्हणून ऑस्ट्रियन मॅनलिकरचं ८ मिमीचं काडतूस घेतलं आणि ली-एनफिल्डच्याच सांगाड्यावर शिकारीची रायफल काढली, पुढे ती आपल्या इशापूरच्या फॅक्टरीतही बनायला लागली. म्हणजे रूप फौजी, दाणापाणी वेगळं!

आजोबा गेले, लायसन्स कोणाच्या नावावर करायचं यात बाबा आणि काकांनी चालढकल केली, रायफल जमा झाली. दोन वर्षांनी आम्ही बघायला गेलो तर दस्त्यावर खडूने नंबर लिहिलेला आणि नळीत लाल गंज. बाबा एक शब्द बोलले नाहीत. ती परत घरी आलीच नाही.

आता मी पेनसिल्व्हेनियात, घरात सात जुन्या रायफली (बायकोच्या मते सगळ्या एकसारख्याच). लाडकी म्हणजे सॅव्हेज ९९. १८९९चं डिझाईन, लिव्हरवाली (चापाखालची दांडी खाली-वर केली की पुढचं काडतूस आत), पण तेव्हाच्या बहुतेक लिव्हर रायफलींमध्ये काडतुसं मुख्य नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसायची, टोकदार गोळी घातली तर तिचं टोक थेट पुढच्या काडतुसाच्या टोपीवर, आणि टोपीला ठोका बसला की बार उडतो, म्हणून बोथट गोळ्याच वापराव्या लागत. सॅव्हेजने आत गोल फिरणारं मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, दिलं, प्रश्नच मिटला. वर डाव्या बाजूला बारकीशी खिडकी, त्यात पितळी आकडा, आत किती उरल्या ते दाखवणारा. निव्वळ हौस आहे हो ही! माझी .२५०-३००० या काडतुसाची आहे, १९१५ साली ८७ ग्रेनची (साडेपाच ग्रॅमच्या आसपास) गोळी सेकंदाला ३००० फूट, नावातच जाहिरात. काडतुसं दुकानात सहज मिळत नाहीत, मग .२२-२५० या दुसऱ्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणून तोंड रुंद करायचं आणि बेसमेंटमध्ये बसून एकेक भरायची, पन्नास भरेपर्यंत शनिवार संपतो.

घेताना एकदा फसलोय. दस्ता धातूला जिथे भिडतो तिथे या रायफली तडकतात, हे माहीत असूनही पॉलिशला भुललो आणि तडा घरी आल्यावर दिसला. आणि जुन्या रायफलीला दुर्बिणीसाठी भोकं पाडणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही, बीपी वाढतं.

कपाटात कुलूपबंद ठेवून नुसती किंमत सांगणाऱ्यांचं मला कळत नाही. माझ्या सातही जणी रेंजवर जातात, बार काढतात, घरी येऊन पुसून घेतात.

या दसऱ्याला व्हिडिओ कॉलवर बाबांना सॅव्हेज दाखवली, अंगणातला झेंडू वगैरे घालून. खिडकीबिडकीचं कौतुक मी करत होतो, त्यांचं लक्षच नाही. म्हणाले, "नळीत दाखव." लिव्हर खाली, आकडा शून्यावर, आत बोट घालून खात्री केली, मागून टॉर्च मारला आणि मोबाईल नळीच्या तोंडाशी धरला. बराच वेळ बघत होते.

"गंज नाही," म्हणाले.