दुसऱ्याच्या खिळ्यावरचा संसार

फौजी क्वार्टरची एक गंमत असते, घर आपलं असतं पण भिंत सरकारची असते. आत राहा, स्वयंपाक करा, भांडा, लेकरं मोठी करा, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही. क्वार्टर सोडायच्या दिवशी, म्हणजे मार्चिंग आउटला, एमईएसचा, म्हणजे फौजेच्या बांधकाम खात्याचा, माणूस हातात यादी घेऊन येतो, पंखे मोजतो, बल्बचे होल्डर मोजतो, नळाची तोटी, दाराची कडी, खिडकीची काच सगळं बघतो आणि मग सावकाश भिंतीवरून नजर फिरवतो. त्या नजरेला मी जेवढी भ्याले तेवढी आत्याबाईंना, म्हणजे सासूलापण, कधी भ्याले नाही. भोक दिसलं की बॅरॅक डॅमेज, म्हणजे पैसे भरा. त्यामुळं जिची बदली असायची ती बाई आदल्या रात्री टूथपेस्ट घेऊन भिंतीशी उभी. पेस्ट पांढरीच पाहिजे, जेलवाली चालत नाही. वरून चुन्याचं बोट, आणि डिस्टेंपर पिवळट असेल तर चुन्यात चिमूटभर हळद. ही अक्कल मला एका गढवाली बाईनं शिकवली, तिला तिच्या शेजारणीनं शिकवली असणार, फौजेत असलं ज्ञान असंच चालत येतं.

मी औसा तालुक्यातली, माहेरपण आणि सासरपण. आमच्याकडं भिंत म्हणजे निम्मं घर. कंदील खिळ्याला, चाळणी खिळ्याला, सूप खिळ्याला, बैलाचे गोंडे खिळ्याला, हार घातलेले आजोबा खिळ्याला. 1991 ला लग्न झालं, हे तोफखान्यात गनर होते, आणि वर्षभरानं यांना देवळालीला क्वार्टर मिळालं. तेव्हा लातूरला मोठी रेल्वे नव्हती, बार्शी लाईनची छोटी गाडी होती, ती कुर्डुवाडीला सोडायची आणि तिथं मोठी गाडी पकडायची. सोबत ती काळी पेटी, वर पांढऱ्या रंगात यांचं नाव आणि नंबर, आत लग्नाचा फ्रेम केलेला फोटो माझ्या नव्या लुगड्यात गुंडाळलेला, काळा मसाला, ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी आणि कालनिर्णय. पोचल्या पोचल्या मी यांना विचारलं हातोडी कुठंय, तर यांनी असं बघितलं जसं काय मी तोफच मागितली.

"अगं खिळा नाय ठोकायचा इथं. आधीचे आहेत की, त्याला लाव."

आधीचे म्हणजे आधीच्या बाईचे. तिनं चोरून ठोकलेले, किंवा तिच्याही आधीच्या कुणीतरी, आणि जे कुणालाच उपटता आले नाहीत म्हणून वर रंग मारून तसेच ठेवलेले. माझा सगळा संसार मग ह्या दुसऱ्या बायांच्या खिळ्यावरच झाला. आपल्याला पाहिजे तिथं नाही, तिला पाहिजे होतं तिथं. जालंधरला क्वार्टर इंग्रजांच्या काळातलं, दोन हात जाड भिंती, त्यात सगळ्या घरात एकच धड खिळा आणि तो ओट्याच्या वर. म्हणून आमचा लग्नाचा फोटो तिथं असेपर्यंत स्वयंपाकघरात होता. फोडणीचा धूर खाऊन खाऊन यांचा चेहरा पिवळा पडला तो अजून तसाच आहे. माझा वाचला कारण मी फोटोत जराशिक मागं उभी आहे.

पहिले पहिले मला ह्याचा राग यायचा. मग हळूहळू नाद लागला. नवीन क्वार्टरमधी शिरलं की लोक पाण्याचं बघतात, मी आधी खिळे बघायची आणि ती बाई कशी असेल ते ठरवायची. दारामागं उंचावर खिळा असला की नवरा उंच आणि टोपी-बेल्ट तिथं. खिडकीच्या दोन बाजूला दोन खिळे म्हणजे पडद्याची सुतळी, म्हणजे आपल्यासारखीच, रॉड घ्यायला पैसे नसलेली. बबीनाच्या क्वार्टरमधी एक खिळा जमिनीपासून हात-दीड हातावर होता. हे म्हणाले कुण्या येड्यानं ठोकलाय. मला दोन दिवस काही उमगेना. मग शाळा सुरू झाली, आमची पोरगी केंद्रीय विद्यालयातून आली आणि तिनं दप्तर काढून सरळ त्या खिळ्याला अडकवलं, कुणी न सांगता. त्या आधीच्या बाईचं लेकरू तेवढंच असणार बगा. तिला मी कधी बघितलं नाही, नाव गाव काही माहीत नाही, पण मला ती आवडली.

भिंतीपण वेगवेगळ्या. बबीना झाशीजवळ, तिथं सगळा दगड, खिळा वाकेल पण आत जाणार नाही. बिनागुडी बंगालात, चहाच्या मळ्यात, तिथं पाऊस इतका की खिळा बोटानं पण जाईल, पण चार महिन्यात गंजून कालनिर्णयासकट खाली. भाऊ दरवर्षी कालनिर्णय पोस्टानं पाठवायचा, नाहीतर वेळ अमावस्या, आमचा शेतात जेवायचा सण, कधी हे तिथं कोण सांगणार? तिथं मी मिळेल त्या भाज्या घालून भज्जी केली, आंबील केली. शेत नव्हतं म्हणून क्वार्टरमागच्या केळीखाली ताटं मांडली, आणि शेजारची तमिळ बाई आंबील पिऊन म्हणाली की आमच्याकडं पण असलंच करतात. आपल्याला उगीच वाटत असतं की हे फक्त लातूर-धाराशिवचं.

30 सप्टेंबर 1993 ला आम्ही जालंधरला होतो. भूकंपाचं रेडिओवर ऐकलं. एसटीडी बूथला ही मोठी लाईन आणि गावाकडं फोन कुणाकडं? तार करायची तर कुठल्या दारात. हे सुट्टी घेऊन निघाले. किल्लारीच्या मानानं आमच्या गावात माणसं वाचली, पण दगडमातीची घरं बसली, आणि त्या खिळ्यांनी भरलेल्या भिंतीपण गेल्या. मी नंतर गेले तेव्हा आत्याबाई पत्र्याच्या शेडमधी होत्या. मामंजींचा फोटो ढिगाऱ्यातून निघाला होता, काच गेलेली, तो त्यांनी शेडच्या लोखंडी अँगलला तारेनं बांधला होता. मी बघायले म्हणून त्याच म्हणाल्या, "पत्र्याला खिळा कुठं ठोकावं माय." दोघी जराशिक हसलो, मग नाही हसलो.

फील्डची पोस्टिंग आली की क्वार्टर नाही, मग मी लेकरं घेऊन लातूरात भाड्याच्या खोलीत. यांचा पत्ता मार्फत 56 एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल, त्यातून माणूस बर्फात आहे का वाळूत काही कळायचं नाही. आणि घरमालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, वहिनी खिळे ठोकायचे नाहीत. मला इतकं हसू आलं की त्याला वाटलं मी भाडं द्यायची नाही.

पण खिळ्याचा खरा हैदोस झाला तो बबीनाला. डिसेंबर 2001 मधी संसदेवर हल्ला झाला आणि थोड्याच दिवसात पलटण हलली, सगळ्या तोफा, सगळे गडी सरहद्दीवर. पेट्या नुकत्याच उघडल्या होत्या. ऑपरेशन पराक्रम, ते ऑक्टोबर 2002 पर्यंत चाललं. आख्ख्या लाईनीत फक्त बाया आणि लेकरं. पहिला महिना सगळ्या रडव्या, टीव्हीसमोर. मग एक दिवस कोपऱ्यातल्या मराठी हवालदाराच्या बायकोनं कुठून तरी हातोडी आणली आणि व्हरांड्यात कपडे वाळवायची दोरी बांधायला दोन मोठे खिळे ठोकले. ठाक ठाक आवाज आला तशा सगळ्या बाहेर. मग ती हातोडी घरोघर फिरली. कुणी देवाचं फळकुट लावलं, कुणी आरसा, मी लग्नाचा फोटो पलंगासमोर लावला, पहिल्यांदा माझ्या मनानं, माझ्या उंचीवर. मागं राहिलेले एक सुभेदार साहेब राऊंडला यायचे, त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. अडवायला नवरे नव्हते म्हणून ठोकले का भीती वाटत होती म्हणून, आता काय सांगावं. हे परत आले, वाळलेले, काळे ठिक्कर, आणि दारात बूट काढता काढता पहिलं वाक्य काय तर, "हा खिळा कुणी ठोकला?"

लोक विचारतात, सारख्या बदल्या, कसं निभावलं हो? खरं सांगू का, बदल्या होत्या म्हणूनच निभावलं. आमचं कुठलंच भांडण दोन-तीन वर्षाच्या वर टिकलं नाही. ऐन रंगात आलं की पोस्टिंग यायची, मग पेट्या, दोऱ्या, शाळेची टीसी, रेल्वेचं वॉरंट, आणि सामान बांधताना अबोला धरता येत नाही, दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरावंच लागतं. गावातल्या माझ्या जावांची भांडणं त्याच ओसरीवर तीस तीस वर्षं झाली, तरी ताजी. शेजारणीशी पण तसंच, वाईट असली तर जाणारच आहे, चांगली असली तरी जाणारच आहे. हे दुसरं मात्र कधी अंगवळणी पडलं नाही.

हे सुभेदार होऊन पेन्शनला आले, लातूरात घर बांधलं. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी यांनी ड्रिल मशीन आणली. आयुष्यभर बायकोला खिळा ठोकू नको म्हणणारा माणूस, आता भिंतीला भोकं पाडायलाय. टॉवेलला हुक, टोपीला हुक, चावीला, बॅटरीला, छत्रीला, किराण्याच्या थैलीला, आणि प्रत्येक हुकाखाली स्केचपेननं नाव. मी छत्री चुकून टोपीच्या हुकाला लावली तर अजून बोलतात. एकदा पंख्याच्या बटणाखाली चुकीचं भोक पडलं तर माझी मीच उठले आणि बाथरूममधून टूथपेस्ट घेऊन आले. हे म्हणाले, "कामून बुजवायलीस, आपलंच घर आहे." म्हणलं असू द्या.

आणि माझं म्हणाल तर माझ्याच्यानं ह्या घरात अजून एक खिळा ठोकवला नाही. मिक्सरचा खोका, टीव्हीचा खोका, सगळे माळ्यावर जपून ठेवलेत, सून म्हणते मम्मी आता कुठं जायचंय? लग्नाच्या फोटोचा तर वादच आहे. हे म्हणतात हॉलमधी लावू, चांगला मोठा हुक मारतो. मी म्हणते यांच्या त्या पिवळ्या तोंडानं हॉल शोभत नाही, ओट्याच्या वरच बरा. सध्या तो फ्रिजवर भिंतीला टेकवून ठेवलाय, दिवाळीला रंग द्यायचाय, त्यानंतर बघू म्हणलंय. मागच्या दिवाळीला पण असंच म्हणले होते.