ईदूसला चार दिवस : रोममधल्या एका भिंतीवरचा महिना

१२ ऑक्टोबर २०२४. घरी दसरा होता आणि मी रोममध्ये. सकाळी आईने पाटीपूजनाचा फोटो पाठवला, तो बघतच तेर्मिनी स्टेशनाबाहेर पडले. तिथून पाच मिनिटांच्या चालीवर पालात्सो मास्सिमो हे संग्रहालय आहे. ऑगस्टस बादशहाची पत्नी लिव्हिया हिच्या घरातलं बागेचं भित्तिचित्र पाहायला तिथे गर्दी होते. ते सुंदर आहेच, पण मी गेले होते एका कॅलेंडरसाठी.

त्याचं नाव ‘फास्ती आन्तियातेस मायोरेस’. रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी आन्त्सिओ नावाचं गाव आहे, तिथे १९१५ साली गिलाव्याचे हे तुकडे सापडले. ज्युलियस सीझरने कालगणना बदलण्याआधीचं, आपल्यापर्यंत पोचलेलं हे एकमेव रोमन कॅलेंडर. जुलै-ऑगस्ट ही नावंसुद्धा अजून आलेली नाहीत. त्या जागी क्विन्तिलिस आणि सेक्स्तिलिस. मधे मधे गिलावा उडालाय, पण काळी-तांबडी अक्षरं अजून वाचता येतात.

मी आधी तारखा शोधल्या. एकही नाही! प्रत्येक महिन्याचा एक उभा रकाना, प्रत्येक दिवसापुढे ए ते एच यांपैकी एक अक्षर, आणि त्याच्या शेजारी त्या दिवशी काय चालतं याची खूण. एफ असेल तर कोर्टकचेरीचं काम करायला हरकत नाही, एन असेल तर नाही, सी असेल तर नागरिकांची सभा भरवून मतदान घेता येतं. आकडा दिसतो तो रकान्याच्या तळाशी, महिन्याच्या एकूण दिवसांचा.

मग तारीख सांगायची कशी? महिन्यात तीनच दिवसांना स्वतःचं नाव. पहिला दिवस कालेंदाए. पाचवा नोनाए, तेरावा ईदूस. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये मात्र हे दोन्ही दोन दिवस पुढे, सातवा आणि पंधरावा. मुळात ही चंद्राचीच ठिकाणं होती : कोर दिसली की कालेंदाए, अर्धा चंद्र म्हणजे नोनाए, पौर्णिमा म्हणजे ईदूस. बाकीचे सगळे दिवस पुढच्या खुणेकडे बघत उलटे मोजायचे. महिना अर्धा सरला की पुढच्या महिन्याचे कालेंदाए किती लांब, ते सांगायचं. म्हणजे १६ ऑक्टोबरच्या तारखेत नोव्हेंबरचं नाव यायचं.

काचेसमोर उभी राहून मी आजचा दिवस लावून पाहिला. ईदूस पंधराला, आज बारा, म्हणजे तीन दिवस आधी. पण रोमन माणूस म्हणायचा ‘आन्ते दिएम क्वार्तुम ईदूस’, ईदूसच्या आधीचा चौथा. तो आजचा दिवसही मोजतो आणि ईदूसचाही. बारा, तेरा, चौदा, पंधरा. पुन्हा बोटांवर मोजलं, चारच.

आणि एकदम लक्षात आलं की हे तर आपलंच आहे. शनिवारी कुणी “आठ दिवसांनी या” म्हटलं की आपण पुढच्या शनिवारी जातो. दिवस सात, म्हणायचे आठ. रोमन लोकांचा बाजार दर आठ दिवसांनी भरायचा आणि त्याचं नाव नुन्दिनाए, म्हणजे नवव्या दिवसाचा. भिंतीवरची ए ते एच ही आठ अक्षरं त्या बाजाराच्या फेऱ्यासाठीच. तेवढ्या एका गोष्टीने ती भिंत मला माझी वाटायला लागली.

रकाने बारा नाहीत, तेरा आहेत. तेरावा अधिक महिन्याचा! वर्ष ३५५ दिवसांचं, म्हणून ऋतूंशी मेळ राखायला मधून मधून जादा महिना घालावा लागे. आपला अधिक मास गणिताने ठरतो. तिथे ते पुरोहितांच्या हातात होतं, आणि त्यात राजकारण शिरलं. शेवटी गोंधळ इतका वाढला की सीझरला इसवी सनापूर्वी ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचं करावं लागलं. वर्ष त्याने सुधारलं, पण उलटी मोजणी तशीच ठेवली. त्याचा खून झाला तो दिवसही लोकांच्या लक्षात राहिला तो मार्चचा ईदूस म्हणूनच.

संध्याकाळी कॅपिटॉल टेकडी चढून गेले. फार पूर्वी कोर दिसली की इथेच पुरोहित लोकांना बोलावून नोनाए पाचवे की सातवे, ते पुकारून सांगायचा. कालेंदाए हे नाव त्या पुकारण्यावरूनच आलं, आणि त्यातूनच पुढे आपलं कॅलेंडर. कठड्याशी उभी होते तेव्हा आग्नेयेला दशमीचा चंद्र वर आला होता. आईला फोन लावला. तिकडे साडेदहा वाजून गेले होते, ती जागीच होती.

“कोजागिरीला चार दिवस राहिले,” ती म्हणाली. “तोवर येतेस ना?”

मी मनातल्या मनात आजचा दिवस धरून मोजलं. पाच.

“येते,” म्हटलं, “दूध आटवायला घे.”